रामनामाचा गवई : पं. विष्णु दिगंबर पलुसकर

श्रावणातली पौर्णिमा आमच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमा म्हणून पाळतात. थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, जिथे जिथे कोळीवाडा आहे तिथे तिथे त्या दिवशी दर्याला नारळ वाहतात आणि पावसात ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटायची तयारी सुरू होते. दिवेलागणीला देवळात टाळ वाजू लागतात. अशाच एका नारळी पौर्णिमेला, सन १८७२ च्या ऑगस्ट महिन्याच्या १८ तारखेला, समुद्रापासून दूर देशावर, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाड गावी एका हरिदासाच्या घरी मुलगा जन्माला आला. हेच पुढे गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर म्हणून सगळ्या हिंदुस्थानात ओळखले गेले. त्यांचे चरित्र यंदा वाचकांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे.

कोणी भाविक म्हणेल, वारकऱ्यांच्या मासिकात गवयाचे चरित्र कशाला? प्रश्न रास्त आहे. पंडितजी काही माळकरी वारकरी नव्हते. त्यांचे दैवत राम, त्यांचा ग्रंथ तुलसीदासांचे रामायण. पण आमच्या भजनी मंडळांत एक वाद नेहमी निघतो, आणि तो तुमच्याही गावात निघत असेल. एक पक्ष म्हणतो, पेटी शिकावी, राग ओळखावा, सूर नीट लावावा, मगच देवापुढे बसावे. दुसरा म्हणतो, हे सगळे गवयाचे थेर, भाव असला म्हणजे पुरे, तानेत देव हरवतो. दोन्ही पक्षांची माणसे भली असतात आणि वाद कधी मिटत नाही. ज्या पुरुषाने गाण्यासाठी सारा जन्म घातला, गाण्याने कीर्ती आणि पैसा दोन्ही मिळवले, मोठी वास्तू उभी करून ती गमावली, आणि शेवटी सगळे गाणे रामाच्या पायांवर वाहून टाकले, त्याच्या चरित्रात ह्या वादाचे काही उत्तर सापडते असे आम्हांस वाटते. म्हणून हा प्रपंच.

बालपण

ह्यांचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावाकडचे म्हणून पलुसकर. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. त्यांचे कीर्तन नारदीय परंपरेचे, म्हणजे आपल्या वारकरी कीर्तनासारखे मागे टाळकऱ्यांची फळी घेऊन उभे राहण्याचे नव्हे. पण कीर्तन ते कीर्तनच. पूर्वरंग, आख्यान, अभंग, पदे, श्लोक हे सारे लहान विष्णूच्या कानावर पाळण्यापासून पडत गेले. वडिलांच्या मागे उभे राहून सूर धरायचा, झांज धरायची, ही त्यांची पहिली शाळा. पुढे मोठमोठ्या मैफली त्यांनी मारल्या, पण मुळात हा कीर्तनाच्या फडातला पोर होता हे विसरू नये.

मग घाव बसला. एका उत्सवात दारूकाम चालले असता फटाका तोंडाजवळ फुटला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. उपचारासाठी मिरजेस नेले. दृष्टी अजिबात गेली नाही, पण अधू झाली ती कायमचीच. शाळा बुडाली. इंग्रजी शिकून चाकरी मिळवायची तो मार्ग बंद झाला. घरच्यांपुढे प्रश्न पडला की आता ह्या पोराने आयुष्यात करायचे काय?

आमच्या लोकांत एक बोलणे आहे की देव एक दार लावतो तेव्हा दुसरे उघडतो. असे बोलायला सोपे. ज्याच्या पोराचे डोळे गेले त्या आईबापाला विचारावे. पण ह्या मुलाच्या बाबतीत दार उघडले खरे. गळा गोड होता, कान तयार होता. त्या वेळी मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर राहत होते. डोळ्यांवर उपचार करणाऱ्यांनीच सुचवले की मुलाला बुवांच्या हवाली करा. मिरजेच्या संस्थानिकांनी आश्रय दिला आणि विष्णूने बुवांचे पाय धरले.

गुरुगृही

बाळकृष्णबुवा म्हणजे कोण, हे वाचकांना सांगितले पाहिजे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवली ती ह्या पुरुषाने. त्या काळी गाणे शिकायचे म्हणजे उत्तरेत जाऊन उस्तादांच्या घरी राबावे लागे. बुवा तिकडे गेले, हाल सोसले, ग्वाल्हेर परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशांकडून विद्या घेतली आणि ती इकडे आणली. ह्या परंपरेचे मूळ हद्दूखाँ-हस्सूखाँ ह्या मुसलमान बंधूंपर्यंत जाते. म्हणजे आज मराठी देवळात रागदारीत अभंग गाइला जातो, त्यामागे हिंदू-मुसलमान दोघांचे कष्ट आहेत.

गुरुगृहीची शिस्त कडक. पहाटे उठून षड्ज लावायचा, घरातली पडेल ती सेवा करायची, गुरूंची मर्जी लागेल तेव्हा शिकायचे. लिहून घ्यायची सोय नाही, पुस्तक नाही. गुरूच्या मुखातून जे आले ते कानाने उचलायचे आणि शेकडो वेळा घोटायचे. ज्याची दृष्टी मंद त्याला लिहिण्याचा आधार तसाही थोडाच. त्यामुळे जे शिकले ते गळ्यात आणि स्मरणात पक्के बसले. १८९६ पर्यंत हा क्रम चालला.

ह्याच मिरजेत पंडितजींच्या आयुष्याला वळण देणारी गोष्ट घडली. त्यांचे शिष्य ती अशी सांगत आले. गावात एक जाहीर सभा होती. संस्थानिकांच्या आश्रयातले म्हणून तरुण विष्णु दिगंबरांना आमंत्रण आले. गुरूंना मात्र नाही. चौकशी केली तेव्हा कळले की प्रतिष्ठितांच्या सभेत गवयाला कशाला बोलवायचे, असा विचार झाला होता. ज्या बाळकृष्णबुवांनी एवढी विद्या आणली त्यांची गावात ही किंमत! गाणे ऐकायला सगळे हवे, पण गाणारा माणूस पंक्तीला नको. त्या काळी गवई म्हटला की व्यसनी, उनाड, दारात उभे करू नये असा माणूस, हीच समजूत. कीर्तनकाराला लोक नमस्कार करीत आणि गवयाला बिदागी फेकीत.

हे शल्य त्यांच्या मनात रुतले. गाण्याला आणि गाणाऱ्याला समाजात मान मिळवून द्यायचा, हे त्यांनी मनाशी ठरवले. आणि १८९६ मध्ये, वय वर्षे चोवीस, राजाश्रय सोडून ते मिरजेबाहेर पडले. बरोबर एकदोन गुरुबंधू. डोळे अधू, परप्रांत, हाती पैसा नाही. आश्रय सुटल्याचे घरच्यांना काय वाटले असेल ते सांगायला नकोच.

उत्तरेची वाट

औंध, सातारा, बडोदे, मग सौराष्ट्र. तिथे राजकोटला त्यांनी दरबाराबाहेर, सर्वसामान्य लोकांसाठी तिकीट लावून गाण्याचा जलसा केला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. आज हे ऐकून नवल वाटणार नाही. पण त्या काळी चांगले गाणे ऐकायचे तर राजेरजवाड्यांचे, नाहीतर पैसेवाल्यांचे आमंत्रण हवे. गरिबाच्या कानाला ते मिळायचे ते फक्त कीर्तनात आणि देवळात. पंडितजींनी ते दार थोडे उघडले.

गिरनारच्या डोंगरावर त्यांना एक साधू भेटले आणि त्यांनी उत्तरेस जा, पंजाबात जा, अशी आज्ञा केली, असेही शिष्यमंडळी सांगत. ते कसेही असो, पुढची वाट उत्तरेचीच होती. ग्वाल्हेरला गेले, मथुरेला राहिले. मथुरेत त्यांनी ब्रजभाषेचा अभ्यास केला. हे आम्हांस विशेष वाटते. जे पद गायचे त्याचा अर्थ समजला पाहिजे, शब्दाचा उच्चार शुद्ध झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह तिथूनचा. आमच्यातले कित्येक जण अभंगाचे शब्द गिळून नुसता सूर ओढतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तिथून दिल्ली, जालंधर, लाहोर. वाचकहो, इथे आमच्या मनात नामदेवराय आले. पंढरीचा शिंपी, विठ्ठलाचा लाडका, तोही एके काळी असाच पंजाबात गेला, घुमानला राहिला आणि त्याची पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात मानाने बसली. महाराष्ट्रातून नामाचे गाणे पंजाबात नेणारा तो पहिला. कित्येक शतकांचा काळ लोटला आणि आणखी एक मराठी माणूस तंबोरा घेऊन त्याच पंजाबात पोहोचला. दोघांची तुलना आम्ही करीत नाही. तो संत, हा गवई. पण वाट जुनी होती खरी.

लाहोरची शाळा

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे पंडितजींनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाच्या खजिन्यातून नव्हे, तर लोकांच्या वर्गणीतून आणि स्वतःच्या जलशांच्या मिळकतीतून चालणारी ही गाण्याची शाळा. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा, पदवी, हे सगळे गाण्याच्या बाबतीत नवे होते. आरंभी शाळेत विद्यार्थीच येईनात. पंडितजी वेळेवर येत, रिकाम्या खोलीत तंबोरा घेऊन बसत, वेळ संपेपर्यंत एकटेच गात आणि उठून जात, असे सांगतात. काही दिवसांनी एकेक माणूस येऊ लागला.

ज्याने पहाटेच्या काकड्याला देऊळ रिकामे पाहिले आहे आणि तरी वीणा खाली ठेवली नाही, त्याला ही गोष्ट चांगली कळेल. ऐकणारे किती आले हे मोजत बसला तो नेम टिकत नाही.

शाळेची शिस्त गुरुकुलाची. पहाटे उठणे, प्रार्थना, रियाज, व्यायाम. काही मुलांना विनामूल्य ठेवून, जेवूखाऊ घालून शिकवायचे आणि त्यांनी पुढे ठराविक वर्षे विद्या शिकवीत राहायचे, असा करार असे. ह्यांना उपदेशक म्हणत. नाव पाहा, गवई नव्हे, उपदेशक! निर्व्यसनी राहायचे, स्वच्छ राहायचे, सभेत ताठ मानेने बसायचे. गवयाच्या नावाला लागलेला बट्टा धुवायचा तर गवयाचे वागणे आधी सुधारले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. घरंदाज बायकामुलींनी गाणे शिकावे हेही त्यांनी सुरू केले, आणि त्या दिवसांत ही गोष्ट सोपी नव्हती.

पुस्तके नव्हती, ती त्यांनी केली. सुरांना खुणा देऊन गाणे कागदावर उतरवायची स्वतःची लिपी बसवली. संगीत बालप्रकाश, राग प्रवेश अशी पुस्तके छापली, संगीतामृत प्रवाह नावाचे मासिक चालवले. ही त्यांची लिपी जरा किचकट. त्यांचेच समकालीन पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांची सोपी लिपी पुढे अधिक ठिकाणी चालली. दोघे मोठे, दोघांची मते जुळली नाहीत. विद्येला मात्र दोघांचाही उपयोग झाला.

आणखी एक काम त्यांनी केले, ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. ख्याल-ठुमऱ्यांत पुष्कळ ठिकाणी शृंगाराचे, हलके शब्द असत. राग तोच ठेवून पंडितजींनी तिथे सूरदास, तुलसीदास, कबीर, मीरा ह्यांची भक्तिपर पदे घातली. जाणकारांपैकी काहींना हे रुचले नाही. चिजांचे जुने रूप बिघडते असा त्यांचा आक्षेप. तो आक्षेप अगदीच खोटा म्हणता येणार नाही. पण ह्यामुळे आई-बहिणींना घेऊन बसून गाणे ऐकता येऊ लागले, हेही तितकेच खरे.

मुंबईची वास्तू

१९०८ मध्ये पंडितजी मुंबईस आले आणि इथेही गांधर्व महाविद्यालय काढले. त्या वेळी आमच्या किनाऱ्यावरची किती माणसे मुंबईत गिरणी-गोदीत पोटासाठी राबत होती! रेवसहून, धरमतरहून बोटीत बसायचे आणि मुंबईला उतरायचे. चाळीच्या खोलीत संध्याकाळी टाळ घेऊन भजनाला बसायचे. त्याच मुंबईत गाण्याची ही पेठ उभी राहिली. पुढे सँडहर्स्ट रोडवर महाविद्यालयाची स्वतःची मोठी इमारत झाली. वर्ग, वसतिगृह, छापखाना, वाद्ये दुरुस्त करायची सोय, सगळे एका छपराखाली. गवयाला सभेत न बोलावणाऱ्या जगाला हे त्यांचे उत्तर होते.

इथेच एकेक रत्न तयार झाले. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, त्यांचे बंधू शंकरराव व्यास, वामनराव पाध्ये, बी. आर. देवधर, नारायण मोरेश्वर खरे. किती नावे घ्यावीत?

पण वास्तू झाली ती कर्ज काढून. पंडितजींचा हिशेब साधा होता. गावोगाव जलसे करायचे, पैसा आणायचा, हप्ते फेडायचे. गळा शाबूत तोवर चिंता नाही. विद्यार्थी पोसायचे, फी मागायची नाही, छपाई चालवायची, आणि हात मुळातच सढळ. व्याज वाढत गेले. दुसरीकडे पंडितजींचे मन हळूहळू जलशातून उठू लागले होते. तुलसीरामायणाचा नाद लागला होता. जिथे जात तिथे रामकथा सांगत, रामनाम गात. भगवी वस्त्रे अंगावर आली. पैशासाठी गाणे नकोसे झाले.

आणि व्हायचे ते झाले. १९२४ च्या सुमारास ती इमारत कर्जापोटी लिलावात गेली. ज्या वास्तूसाठी रात्रीचा दिवस केला ती हातची गेली. वर्ग मोडले, शिष्य पांगले.

भाविकहो, इथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. देवाच्या भरवशावर कर्ज काढावे काय? आमच्या तुकोबारायांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती खते तुकोबांच्या येण्याची होती, देण्याची नव्हती. लोकांनी आपल्याला द्यायचे ते सोडून देणे हे वैराग्य. आपण लोकांना द्यायचे ते देवावर सोपवणे हे वैराग्य नव्हे. पंडितजींच्या व्यवहारात ही चूक होती असे आम्ही नम्रपणे म्हणतो. चरित्र लिहायचे तर देव्हाऱ्यात बसवून लिहू नये. मात्र हेही पाहावे की त्या पैशाने त्यांनी स्वतःसाठी माडी बांधली नाही, सोने केले नाही. गेली ती शाळा गेली. ते पुन्हा मिळवण्यासाठी पदर पसरून श्रीमंतांच्या दारी ते बसले नाहीत. इमारत रामाची होती, रामाने नेली, ह्या वृत्तीने ते त्यातून बाहेर पडले.

घरातले दुःख त्याहून मोठे. त्यांना झालेली मुले एकामागून एक गेली. बारांतले अकरा गेले म्हणतात. उरला तो सर्वात धाकटा दत्तात्रेय, १९२१ च्या मे महिन्यात जन्मलेला. ज्या माउलीने एवढी लेकरे पोटाशी धरून गमावली आणि नवरा बारा महिने परगावी, तिच्या सोसण्याची नोंद फारशी कुठे नाही. थोरांच्या चरित्रात घरची माणसे नेहमी अंधारात राहतात. निदान आम्ही तिला इथे हात जोडतो.

रामनामाचा आधार

नाशकास पंचवटीत पंडितजींनी आश्रम केला. त्याचे नाव रामनाम आधार आश्रम. नावातच सारे आले. राजाचा आधार सोडला होता, लोकांचा आधार आटला होता, आता आधार नामाचा.

ह्या काळात देशाचे कार्यही चालूच होते. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांच्याकडे असे. १९२३ साली काकीनाडा येथे अधिवेशन भरले. अध्यक्ष मौलाना महंमद अली. आपल्या धर्मात संगीत वर्ज्य आहे म्हणून त्यांनी व्यासपीठावरच्या गायनाला हरकत घेतली. पंडितजींनी शांतपणे पण ठामपणे सांगितले की ही मशीद नव्हे, ही सगळ्या राष्ट्राची सभा आहे, आणि गाणे पूर्ण केले. ज्यांच्या गायकीचे मूळ मुसलमान उस्तादांच्या घरात होते त्यांच्या मनात द्वेष असण्याचे कारण नव्हते. प्रश्न गाण्याच्या मानाचा होता. मिरजेच्या सभेत गुरूसाठी जे शल्य मनात रुतले तेच इथे बोलले.

गांधीजींनी आपल्या आश्रमासाठी एक संगीतशिक्षक मागितला तेव्हा पंडितजींनी आपला शिष्य नारायण मोरेश्वर खरे दिला. साबरमतीच्या प्रार्थनेला सूर लावला तो खऱ्यांनी. आश्रम भजनावली त्यांनी संपादिली, आणि त्यात आपल्या मराठी संतांचे अभंगही आले. त्याच साबरमतीच्या परिवारात आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा होते. १९३० साली गांधीजी मिठासाठी दांडीला चालत निघाले तेव्हा खरे तंबोरा घेऊन बरोबर होते, आणि वाटेत जी रामधून गाइली जाई तिची चाल पंडितजींची. आज खेड्यापाड्यात शाळेतली पोरेसुद्धा ती धून म्हणतात. चाल कोणी बांधली हे त्यांच्यापैकी कितीकांना ठाऊक असेल? आणि नसले ठाऊक तर काय बिघडले! चाल लोकांच्या तोंडी बसली की बांधणाऱ्याचे काम झाले.

शेवटी शरीर थकले. मिरजेत जिथे पहिला षड्ज लावला तिथेच त्यांना नेण्यात आले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, पंडितजींनी देह ठेवला. श्रावणात आले आणि श्रावणातच गेले.

मागे काय उरले

दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा. बापाचे गाणे बापाकडून पुरते मिळाले नाही. पण जी विद्या पंडितजींनी शिष्यांना मोकळ्या हाताने वाटली होती ती शिष्यांनी मुलाला परत दिली. नारायणराव व्यास, विनायकराव पटवर्धन ह्यांनी त्याला घडवले. १९३५ साली जालंधरच्या हरिवल्लभ मेळ्यात तो पोर गायला बसला, आणि पुढे डी. व्ही. पलुसकर म्हणून त्याने लोकांना वेड लावले. त्याची रामाची भजने ऐकून डोळे ओलावले नाहीत असा श्रोता विरळा. पण आयुष्य थोडे. २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तोही गेला.

पंडितजींच्या निधनानंतर त्याच वर्षी, १९३१ च्या अखेरीस, शिष्य अहमदाबादेस जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकरावांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. ओंकारनाथजी १९५० साली काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. गवयाला सभेत न बोलावणाऱ्या देशात गवयाला विश्वविद्यालयाने मानाने खुर्ची दिली! १९४७ च्या फाळणीत लाहोर पलीकडे गेले, मुंबईची इमारत त्याआधीच गेली होती. पण मंडळ चालले, वाढले. आज खाडीपलीकडे वाशीला मंडळाची वास्तू आहे आणि गावोगावची मुलेमुली मंडळाच्या परीक्षांना बसतात. आमच्या भजनाला पेटी धरणारा तरुण असाच एकदोन परीक्षा दिलेला आहे. तो सा रे ग म ज्या रीतीने शिकला ती रीत घालून देण्यात ह्या अधू डोळ्यांच्या माणसाचा मोठा वाटा. १९७३ साली भारत सरकारने पंडितजींच्या नावे टपालाचे तिकीटही काढले.

आता आरंभीच्या वादाकडे वळू. सूर हवा की भाव हवा? पंडितजींच्या आयुष्याकडे पाहून आम्हांस असे वाटते की प्रश्नच चुकीचा मांडला जातो. त्यांनी सुराची हयगय कधी केली नाही. पहाटेचा षड्ज चुकवला नाही, शब्दाचा उच्चार ढिला सोडला नाही. देवापुढे वाकडातिकडा नारळ आपण फोडीत नाही, चांगला पाहून घेतो, मग गाणे तेवढे कसेही चालते का? शिकण्याचा आळस म्हणजे भाव नव्हे. पण शिकून झाल्यावर ते गाणे कोणासाठी, हाही प्रश्न उरतोच. पंडितजींनी आधी ते मानासाठी गाइले, आणि तो मान स्वतःचा नव्हे, गुरूचा आणि विद्येचा होता. मग ते शाळेसाठी गाइले. आणि सगळे हरपल्यावर रामासाठी गाइले. सूर तोच होता, फक्त वाहण्याची जागा बदलत गेली.

आणखी एक. त्यांच्या नावावर जी गोष्ट होती, ती दगडमातीची इमारत, ती गेली. जे वाटून टाकले, शिष्य, पुस्तके, चाली, ते टिकले. हरिदासाच्या पोटी जन्मलेल्या ह्या पुरुषाने सगळीकडे फिरून शेवटी बापाचाच धंदा केला, लोकांत उभे राहून देवाचे नाव गाणे. फक्त अंगण मोठे झाले.

कार्तिकात वरसोलीच्या विठोबाची यात्रा भरते. माळकरी येतात, दिंड्या येतात, रात्र रात्र भजन चालते. ह्या वेळी वीणा हाती घेताना आपल्या मंडळातल्या एखाद्या पोराला जवळ बसवावे, सूर नीट लावायला शिकवावे, आणि शिकवल्यावर ते गाणे कोणाच्या पायी घालायचे तेही सांगावे. पंडितजींचे स्मरण ह्याहून चांगले दुसरे कोणते?

रामकृष्णहरि.